मिसळ की कुंकू? तुमच्या फॉर्म्युल्याला पेटंट मिळेल का?



गेल्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एक ताई आमच्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. घरी केसांचं तेल बनवतात. घाण्याचं खोबरेल, त्यात माका, जास्वंद, आवळा, ब्राह्मी, मेथी, कढीपत्ता आणि कडुनिंब. महिन्याला तीन-चारशे बाटल्या जातात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. कुणा सल्लागाराचं कोटेशन होतं.

"सर, तेलाचं पेटंट करून देतो म्हणतात. सत्तर हजार सांगितलेत. करू का?"

मी विचारलं, "ताई, हे पैसे कुठून देणार?"

"बाटल्या भरायच्या मशीनसाठी साठवलेत ते."

आजचा विषय त्या सत्तर हजारांचा आहे. साबण, उटणं, फेसपॅक, शाम्पू, तेल, क्रीम यातलं काहीही बनवत असाल, तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यासमोर येणारच. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. पेटंट कुणी 'करून' देत नाही. सल्लागार अर्ज करून देतो. पेटंट द्यायचं की नाही, ते पेटंट कार्यालय ठरवतं. आणि माहीत असलेल्या वस्तू एकत्र करून बनवलेल्या सौंदर्यप्रसाधनांचे अर्ज बहुतेक वेळा एकाच दगडाला अडखळतात. तो दगड कोणता, ते आज समजून घेऊ.

"माझ्यासारखं कुणीच करत नाही" एवढं पुरत नाही

पेटंटसाठी कायदा तीन प्रश्न विचारतो. वस्तू नवी आहे का? त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी आहे का? उद्योगात तिचा उपयोग आहे का?

ताईंचं उत्तर तयार होतं. "सर, या सात वस्तू याच मापाने कुणीच टाकत नाही." बरोबर असेल. पण तो पहिला पेपर झाला. आपले बहुतेक लोक दुसऱ्या पेपरात नापास होतात.

दुसऱ्या प्रश्नातला 'जाणकार' कोण? हा माणूस प्रत्यक्षात नसतो, तो कल्पनेतला आहे. प्रसाधनांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं घालवलेला, त्या विषयात छापून आलेलं सगळं ठाऊक असलेला, पण स्वतः फार काही नवं न सुचणारा. तुमचा फॉर्म्युला बघून तो म्हणाला, "यात काय विशेष? मीही हे करून बघितलं असतं, आणि असंच होणार हे मला आधीच माहीत होतं," तर विषय संपला. मिश्रण नवं असेल, पण शोध नाही.

आपल्या भारतीय कायद्यात तर आणखी एक दार आहे. पेटंट कायदा १९७० चं कलम ३ (ई) म्हणतं की, ज्यात घटकांच्या गुणधर्मांची फक्त बेरीज होते असं निव्वळ मिश्रण, आणि ते बनवायची प्रक्रिया, हा शोध मानला जाणार नाही. कलम ३ (पी) म्हणतं की, पारंपरिक ज्ञानावर किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या ज्ञात गुणांच्या बेरजेवर पेटंट नाही. आजीच्या बटव्यावर आपल्या देशात पेटंट मिळत नाही, ते या कलमामुळे.

आता हे घरच्या भाषेत सांगतो.

मिसळ घ्या. उसळ असते, फरसाण असतं, वरून तर्री, कांदा, लिंबू. कोल्हापूरची वेगळी, पुण्याची वेगळी, नाशिकची वेगळी. चव एकापेक्षा एक! पण ताटात उसळ उसळीचं काम करते, फरसाण कुरकुरीतपणा देतं, तर्री तिखटपणा देते. जे टाकलं तेच मिळालं.

आता कुंकू घ्या. हळद पिवळी. चुना पांढरा. ओल्या हळदीत चुना मिसळला की लाल! लाल रंग हळदीत नव्हता, चुन्यातही नव्हता. दोघं एकत्र आल्यावर तिसरंच काहीतरी झालं.

कायदा तुमच्या फॉर्म्युल्याला हेच विचारतो, "मिसळ आहे की कुंकू?" हळद-चुन्याचा रंग आज घरोघरी माहीत आहे, म्हणून त्यावर कुणाला पेटंट मिळणार नाही. पण ज्या दिवशी तो पहिल्यांदा कुणाला दिसला असेल, त्या दिवशीचं आश्चर्य आठवा. पेटंटला ते आश्चर्य लागतं.

प्रत्यक्षात काय निकाल लागले?

नुसता नियम सांगून पटत नाही, म्हणून खरी प्रकरणं बघू.

पहिलं प्रकरण आपल्याच देशातलं, पितळेच्या भांड्यांचं. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजने १९५१ च्या अर्जावर भांडी लेथवर घट्ट धरायच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. दुसऱ्या कारखानदाराशी वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने ते पेटंट टिकू दिलं नाही. निकालाचं सार असं की, माहीत असलेल्या गोष्टी एकत्र जोडल्या असतील, तर ती जोडणी कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त असायला हवी. भांड्यांच्या या निकालाचा दाखला आजही भारतात पेटंटच्या वादांमध्ये दिला जातो.

दुसरं अमेरिकेतलं, १९८० चं, कपडे धुण्याच्या पावडरीचं. केरखोव्हेन नावाने ते ओळखलं जातं. दोन नेहमीच्या डिटर्जंट पावडरी एकमेकींत मिसळून तिसरी पावडर बनवायची, अशी ती प्रक्रिया होती. न्यायालयाने सांगितलं की, एकाच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन वस्तू त्याच कामासाठी एकत्र करणं हे वरवर पाहता सहज सुचण्यासारखंच आहे. आता ताईंच्या तेलाकडे बघा. माका केसांसाठी, जास्वंद केसांसाठी, ब्राह्मी केसांसाठी. सगळी एकत्र करून तेल, तेही केसांसाठीच. परीक्षक पहिला आक्षेप हाच घेणार. तो खोडून काढायचं ओझं आपल्यावर असतं.

तिसरं प्रकरण मुरुमांवरच्या जेलचं. ते औषध आहे, पण त्वचेवर लावायचं, म्हणून आपल्याला जवळचं. गाल्डर्मा कंपनीचं ०.३ टक्के अडापालीन असलेलं जेल होतं. टोलमार या कंपनीला तेच स्वस्तात आणायचं होतं. जुन्या पेटंटांमध्ये ०.०१ ते १ टक्का हे प्रमाण आधीच सांगितलेलं होतं. गाल्डर्माचं म्हणणं असं की, प्रमाण वाढवलं की त्वचेचा त्रास वाढेल असं सगळ्यांना वाटत होतं, पण तसा तो वाढला नाही. खालच्या न्यायालयाला हे पटलं. पण डिसेंबर २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल फिरवला. त्यांच्या मते हा फरक कमी-जास्तीचा होता, जातीचा नव्हता. माहीत असलेल्या मर्यादेत प्रमाण बदलून बघणं हे जाणकाराचं रोजचंच काम. एका न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं, हेही लक्षात घ्या. म्हणजे 'सहज सुचण्यासारखं' हा प्रश्न मोठमोठ्या माणसांनाही सोपा जात नाही.

चौथं आपल्या हळदीचं. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू झाला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतली सूत्रं त्यात पाच परदेशी भाषांमध्ये मांडली आहेत, म्हणजे परदेशातल्या परीक्षकाला ती वाचता यावीत. त्याचा उपयोग बघा. ब्रिटनच्या पँजिया लॅबोरेटरीज या कंपनीने २०११ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयात केसगळतीवरच्या मिश्रणासाठी अर्ज केला होता. घटक कोणते? हळद, पाइनची साल आणि ग्रीन टी. आपल्या संग्रहातून पुरावे गेले आणि २०१५ मध्ये तो अर्ज बारगळला. जी भिंत त्यांना लागली, तीच भिंत सांगलीच्या ताईंनाही लागणार. ती परक्या-आपल्यात भेद करत नाही.

मग 'कुंकू' कुठे सापडतं? सनस्क्रीनमध्ये बघा. अव्होबेंझोन नावाचा घटक उन्हातली अतिनील-ए किरणं चांगली अडवतो, पण त्याची अडचण अशी की उन्हात तो स्वतःच मोडतो. ऑक्टोक्रिलीन हा दुसरा घटक, मुख्यतः अतिनील-बी किरणांसाठीचा. दोन्ही आधीपासून माहीत होते. पण योग्य प्रमाणात ऑक्टोक्रिलीन घातलं की अव्होबेंझोन उन्हात टिकून राहतं. म्हणजे एकाने आपलं काम तर केलंच, शिवाय दुसऱ्याला मोडू दिलं नाही. लॉरियालला १९९६ मध्ये अमेरिकेत अशा मिश्रणांवर पेटंट मिळाली. तिथे मुद्दा सुगंधाचा नव्हता, 'दोन्ही एकत्र मिळतात' असाही नव्हता. मुद्दा होता उन्हात टिकण्याचा, आणि तो मोजून दाखवता येण्यासारखा होता.

ताईंच्या वहीत काय निघालं

दुपारनंतर मी ताईंना म्हटलं, "तुमची वही दाखवा." त्या प्रत्येक घाण्याची नोंद ठेवतात, ही त्यांची सगळ्यात मोठी शिस्त. सात वनस्पतींचं मिश्रण ही मिसळ होती, त्यात मला शंका नव्हती. शिवाय त्यांच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी पूर्ण कृतीचं रील टाकलेलं होतं, मापासकट. म्हणजे 'नवं' हा पहिला पेपरही त्यांच्याच घरातून फुटला होता! तुम्ही स्वतः जाहीर केलेली माहितीसुद्धा तुमच्या विरुद्ध जाते. काही मोजके अपवाद सोडले, तर अर्जाआधी सांगितलेलं सगळं सार्वजनिक धरलं जातं.

पण एका पानावर कोपऱ्यात लिहिलं होतं, "या घाण्याला दीड वर्ष झालं, वास नाही."

मी विचारलं, "हे काय?"

"काही नाही सर, बाकीचं तेल सात-आठ महिन्यांत खवट व्हायला लागतं. हा घाणा झाला नाही. त्या दिवशी दोन वस्तू ओल्या मिळाल्या नाहीत, म्हणून वेगळ्या पद्धतीने टाकल्या होत्या."

ताईंना अभिमान होता सात वनस्पतींचा. आणि विचार करण्यासारखी गोष्ट होती त्या कोपऱ्यातल्या ओळीत. रीलमध्ये ही पद्धत नव्हती. कोणत्या दोन वस्तू आणि कोणती पद्धत, ते मी इथे लिहिणार नाही. का, ते वरच्या रीलच्या गोष्टीवरून कळलंच असेल.

चार बाटल्यांची परीक्षा

एका घाण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या दिवशीचं खोबरंच चांगलं असेल, बाटली नीट सुकलेली असेल. म्हणून ताईंना चार बाटल्यांची परीक्षा दिली. तुम्हीही आपल्या मालावर ती करू शकता:

१. नुसतं मूळ तेल (किंवा क्रीमचा नुसता बेस).
२. मूळ तेल + पहिली वस्तू.
३. मूळ तेल + दुसरी वस्तू.
४. मूळ तेल + दोन्ही वस्तू.

चारही बाटल्यांत एकाच दिवसाचं तेल, तीच आच, तीच बाटली, तेच फडताळ. नाकावर विसंबू नका. तेलाचा खवटपणा प्रयोगशाळेत पेरॉक्साइड व्हॅल्यूवरून मोजतात, ठरावीक महिन्यांनी ती काढून घ्या. तारीख टाका, सही करा, अहवाल फाइलला लावा.

आता हिशेब बघा. समजावण्यापुरते आकडे घेऊ. नुसतं तेल ६ महिने टिकलं. पहिल्या वस्तूने ८ झाले, म्हणजे २ वाढले. दुसऱ्या वस्तूने ९ झाले, म्हणजे ३ वाढले. दोन्ही टाकल्यावर ११ महिने टिकलं, तर ६ + २ + ३ बरोबर ११. ही बेरीज झाली, म्हणजे मिसळ. पण २० महिने टिकलं तर? तेव्हा परीक्षकाला थांबून विचार करावा लागेल. बेरजेच्या वर जे निघतं, तीच तुमची बाजू. इंग्रजीतून आलेला 'सिनर्जी' हा शब्द सल्लागार सारखा वापरतात, त्याचा अर्थ एवढाच. अर्जात "सिनर्जी आहे" असं लिहून भागत नाही, हा तक्ता लागतो.

आणखी एक. एकाच मापावर चाचणी केली आणि अर्जात 'कोणत्याही प्रमाणात' असा हक्क मागितला, तर आक्षेप येणारच. कमी, मध्यम, जास्त अशा दोन-तीन मापांवर करून बघा.

खर्च, क्रम आणि काळजी

- तपासणी आधी, पैसे नंतर. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज फुकट शोधता येतात. तुमचे घटक टाका आणि दोन संध्याकाळी वाचा.
- व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १,६०० रुपये आहे, परीक्षणाची साधी विनंती ४,००० रुपये. बाकीचा खर्च मुख्यतः मसुदा लिहिणाऱ्याचा आणि आक्षेपांना उत्तर देणाऱ्याचा. कोटेशनमध्ये हे वेगवेगळं लिहून मागा.
- चाचण्या चालू असतील तर तात्पुरता अर्ज करून तारीख राखता येते. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावाच लागतो.
- भारतातल्या वनस्पतींवर आधारलेलं पेटंट मागत असाल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियमही लागू होतात. मसुदा लिहिणाऱ्याला हे पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर देताना तो चाचरला, तर दुसरा शोधा.
- अर्जाआधी रील नाही, प्रदर्शनात कृती सांगणं नाही, पुरवठादारालाही पूर्ण सूत्र नाही.

आणि समोरच्याकडे पेटंट असेल तर?

हीच गोष्ट उलट बाजूनेही कामाची आहे. उद्या एखादी कंपनी म्हणाली, "आमच्या मिश्रणावर पेटंट आहे, तुम्ही बंद करा," तर घाबरून कढई खाली उतरवू नका. आधी विचारा की पेटंट मिळालंय की नुसता अर्ज आहे? 'पेटंट पेंडिंग' म्हणजे फक्त अर्ज. भारतात ते मंजूर आहे का, वार्षिक फी भरून चालू आहे का, आणि त्यातल्या हक्काच्या कलमांमध्ये नेमकं काय लिहिलंय? अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, मंजुरीआधी कुणीही विरोध नोंदवू शकतं. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावरही, ज्याचा संबंध येतो त्याला एक वर्ष मिळतं. मात्र पेटंट चालू असेल तर ते कमकुवत आहे असं स्वतःच ठरवून माल विकत राहू नका. तिथे वकील लागतोच.

आणि तुमचं मिश्रण मिसळ निघालं, तर रडू नका. जे सगळ्यांना सहज सुचण्यासारखं आहे, त्यावर दुसऱ्यालाही कुंपण घालता येत नाही. ते सगळ्यांचं आहे, म्हणजे तुमचंही आहे. मिसळीवर कुणाचं पेटंट नाही, तरी ठरावीक हॉटेलांपुढेच रांग लागते ना? ती रांग नावाची आहे, चवीची आहे. नावाचं ट्रेडमार्क लहान उद्योजकाला ऑनलाइन ४,५०० रुपयांच्या सरकारी फीत मागता येतं. सौंदर्यप्रसाधनं वर्ग ३ मध्ये येतात. दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं की ते चालत राहतं. पेटंट वीस वर्षांनी संपतं.

ताईंनी काय केलं? कोटेशन परत पिशवीत गेलं. सत्तर हजारांतून बाटल्या भरायचं मशीन आलं. नावाचा ट्रेडमार्क अर्ज झाला. मुलीला रील काढायला सांगितलं नाही, ते सुटलेलं आहे, आणि विक्री त्यावरच वाढलीय. पण नव्या पद्धतीचं एक अक्षरही त्यात जाणार नाही, असं ठरलं. फडताळात चार-चार बाटल्यांचे तीन संच ठेवलेत, तारखा लावून. पेटंट मिळेल की नाही, ते त्या बाटल्या सांगतील. नाही मिळालं तरी खवट न होणारं तेल त्यांच्या हातात असेलच.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमची वही काढा. वही नसेल तर आजच एक घ्या. मागच्या वर्षातला असा एक घाणा, एक वडी किंवा एक डबा शोधा, जो तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळा वागला. त्यात काय बदललं होतं, ते एका ओळीत लिहा. मग चार बाटल्या मांडा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नोंद ठेवा, मोजून बघा, आणि कृती झाकून ठेवा!